थोरल्या दवाखान्यात न पोहोचलेली डॉक्टर

कोल्हापुरातून आनंदीबाई जोशी यांच्या वैद्यकीय शिक्षणाच्या स्वप्नाने पहिले पाऊल टाकले आणि कोल्हापूरच्याच रुग्णालयात त्या स्वप्नाची पूर्तता व्हायची होती. अवघ्या एकवीस वर्षांच्या या आयुष्याचा आणि त्यांनी दिलेल्या खडतर परीक्षांचा हा आलेख.

फेब्रुवारी-मार्चचे दिवस आले, की कोल्हापुरातल्या घराघरांत परीक्षेचे वातावरण तयार होते. दहावी-बारावीची मुलेमुली जीवशास्त्राच्या आकृत्या काढण्यात गुंततात. हृदयाचे चार कप्पे, फुफ्फुसातील वायुकोश, रोगांची नावे आणि त्यांना कारणीभूत असणारे सूक्ष्मजीव यांची उजळणी सुरू होते. त्यांतील अनेकांच्या, विशेषतः मुलींच्या, मनात डॉक्टर होण्याची इच्छा असते. शिकवणीला जाताना भाऊसिंगजी रस्त्यावर, टाऊन हॉलच्या समोर जी दगडी इमारत लागते, ती छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयाची. कोल्हापूरकर तिला सीपीआर म्हणतात आणि जुनी माणसे थोरला दवाखाना. संस्थानच्या काळात तिचे नाव आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल असे होते. या रुग्णालयाच्या स्त्री विभागाची सूत्रे १८८६ मध्ये एका तरुणीच्या हाती देण्याचे ठरले होते. ती तरुणी म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी. परंतु त्या कोल्हापूरला पोहोचल्याच नाहीत.

कल्याणची यमुना

आनंदीबाईंचा जन्म ३१ मार्च १८६५ रोजी कल्याणच्या जोशी घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. एके काळी संपन्न असलेल्या या घराला तोवर उतरती कळा लागली होती. वयाच्या नवव्या वर्षी यमुनेचे लग्न टपाल खात्यात नोकरी करणाऱ्या गोपाळराव जोशी यांच्याशी झाले. गोपाळराव बिजवर होते आणि वयाने तिच्याहून पुष्कळच मोठे होते. सासरी तिचे नाव आनंदी ठेवण्यात आले.

गोपाळराव हे विलक्षण गृहस्थ होते. विचारांनी सुधारक, स्वभावाने तऱ्हेवाईक आणि वागण्यात हट्टी. पत्नीला शिकवायचेच, हा त्यांचा ध्यास होता. ज्या काळात बायकोने हातात पुस्तक धरणे हा घराण्याला कलंक समजला जाई, त्या काळात हा नवरा बायको अभ्यास करत नाही म्हणून संतापत असे. हा संताप केवळ शब्दांपुरता नव्हता. अभ्यासात कुचराई झाली की आनंदीबाईंना मारही बसे. पुढे अमेरिकेतून पतीला लिहिलेल्या पत्रात त्यांनी या मारझोडीची आठवण स्पष्ट शब्दांत करून दिली आहे. आपल्या शिक्षणाचे श्रेय त्यांनी गोपाळरावांना दिले; पण त्यासाठी लहान वयात काय सोसावे लागले, तेही त्या विसरल्या नाहीत. त्यांच्या चरित्राकडे पाहताना या दोन्ही गोष्टी एकत्रच ध्यानात घ्याव्या लागतात.

टपाल खात्यात बदल्या नित्याच्याच. कल्याणहून अलिबाग आणि तेथून कोल्हापूर असा या जोडप्याचा प्रवास झाला. दरम्यान वयाच्या चौदाव्या वर्षी आनंदीबाईंना मुलगा झाला. तो जेमतेम दहा दिवस जगला. योग्य वैद्यकीय उपचार मिळाले असते तर मूल वाचले असते, ही खंत त्यांच्या मनात खोल रुतली. स्त्रिया पुरुष डॉक्टरांपुढे आपले दुखणे उघड करीत नाहीत आणि स्त्री डॉक्टर तर देशात मिळत नाही. मग बाळंतिणी आणि अर्भके यांनी जायचे कोणाकडे, हा प्रश्न त्यांच्यापुरता पुस्तकी राहिला नाही.

कोल्हापूरचे पत्र

कोल्हापुरात अमेरिकन मिशनऱ्यांचे केंद्र होते. रॉयल वाइल्डर या मिशनऱ्याने १८५२ मध्ये येथे काम सुरू केले होते. अनेक वर्षांच्या वास्तव्यानंतर ते मायदेशी परतले आणि तेथे त्यांनी मिशनरी रिव्ह्यू हे नियतकालिक सुरू केले. कोल्हापुरातील मिशनऱ्यांशी गोपाळरावांची ओळख झाली. आनंदीबाईंना अमेरिकेत शिकायला पाठवावे आणि आपल्यालाही तेथे काही काम मिळावे, या हेतूने त्यांनी १८७८ मध्ये वाइल्डर यांच्याकडे मदतीची विनंती केली. वाइल्डर यांचे उत्तर निराशाजनक होते. ख्रिस्ती धर्म स्वीकारल्यास विचार करता येईल, असा त्याचा आशय होता. जोशी दांपत्याला ते मान्य होणे शक्य नव्हते.

गोष्ट येथेच संपायची. परंतु वाइल्डर यांनी हा पत्रव्यवहार आपल्या नियतकालिकात छापला. १८८० मध्ये न्यू जर्सीतील रोझेल गावच्या थिओडिशिया कार्पेंटर या गृहिणी दाताच्या डॉक्टरकडे आपली पाळी येण्याची वाट पाहत बसल्या असताना तो अंक त्यांच्या हाती पडला. एका अनोळखी हिंदू मुलीची शिकण्याची तळमळ त्यांच्या मनाला भिडली. त्यांनी पत्र पाठवले, उत्तर आले आणि दोन खंडांतल्या दोन स्त्रियांमध्ये मायेचे नाते जुळले. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. कोल्हापुरातून निघालेल्या एका पत्राने असा फार लांबचा पल्ला गाठला.

जायचे ते हिंदू म्हणून, यायचे तेही

कोल्हापूरनंतर मुंबई, भूज, कलकत्ता आणि श्रीरामपूर असा बदल्यांचा क्रम चालू राहिला. मुंबईत आनंदीबाई मिशनच्या शाळेत जाऊ लागल्या, तेव्हा पुस्तके घेऊन रस्त्याने चालणाऱ्या या विवाहित मुलीची लोकांनी यथेच्छ टवाळी केली. कलकत्त्यातही हेटाळणी चुकली नाही. तरीही अभ्यास थांबला नाही.

बंगालमधील श्रीरामपूर येथील महाविद्यालयाच्या सभागृहात २४ फेब्रुवारी १८८३ रोजी आनंदीबाईंनी इंग्रजीतून जाहीर भाषण केले. आपण अमेरिकेला का जात आहोत, शिक्षणाची सोय येथेच का होऊ शकत नाही, एकटीनेच का जायचे, जातीने बहिष्कार टाकला तर काय, अशा सर्व आक्षेपांना त्यांनी शांतपणे एकेक करून उत्तरे दिली. हिंदुस्थानला स्त्री डॉक्टरांची गरज आहे, हा त्यांचा मुख्य मुद्दा होता. धर्म न सोडता जाण्याची आणि तशाच परतण्याची ग्वाही त्यांनी दिली. अठरा वर्षेही पूर्ण न झालेल्या मुलीचे हे धैर्य त्या काळी अचंबित करणारे होते.

७ एप्रिल १८८३ रोजी त्यांनी कलकत्त्याचा किनारा सोडला. सोबत पती नव्हते. मिशनरी स्त्रियांच्या सोबतीने हा प्रवास झाला. जून महिन्यात त्या न्यूयॉर्कला उतरल्या, तेव्हा कार्पेंटर मावशी स्वागताला हजर होत्या.

खरी परीक्षा

फिलाडेल्फिया येथील विमेन्स मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया ही १८५० मध्ये स्थापन झालेली संस्था. त्या वेळी तिच्या अधिष्ठाता रेचल बॉडली होत्या. त्या स्वतः रसायनशास्त्राच्या प्राध्यापिका आणि वनस्पतिशास्त्राच्या अभ्यासक होत्या. प्रवेशासाठी लिहिलेल्या पत्रात आनंदीबाईंनी आपली तयारी आणि तिच्यातील उणिवा दोन्ही प्रामाणिकपणे मांडल्या. पद्धतशीर शालेय शिक्षण त्यांच्या वाट्याला फारसे आलेच नव्हते. जे होते ते बहुतांशी घरी, नवऱ्याच्या धाकात आणि सततच्या बदल्यांमध्ये झालेले. ही कसर आपण निश्चयाच्या बळावर भरून काढू, असा त्यांचा सूर होता. बॉडलीबाईंनी त्यांना प्रवेश दिला आणि शिष्यवृत्तीचीही सोय केली.

आज ज्या गोष्टी माध्यमिक शाळेतील मुले आकृत्यांच्या आधारे हळूहळू शिकत जातात, त्या आनंदीबाईंना परक्या देशात, परक्या भाषेत, एकदम महाविद्यालयीन पातळीवर शिकायच्या होत्या. शरीररचना, शरीरक्रिया, रसायन, औषधिविज्ञान असे विषय होते. वैद्यकाच्या विद्यार्थ्याला शवविच्छेदन चुकत नाही. ज्या समाजात प्रेताच्या स्पर्शाने सोयर-सुतकाचे विचार मनात येत, त्या समाजातून आलेल्या ब्राह्मण स्त्रीने या अभ्यासासाठी मनाची किती तयारी केली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

त्यातच आहार आणि हवामान यांचा त्रास होता. त्यांनी शाकाहार सोडला नाही आणि साडी नेसण्याचेही सोडले नाही. पूर्व किनाऱ्यावरील कडाक्याच्या थंडीत अपुरा आहार आणि अविश्रांत अभ्यास यांनी प्रकृती ढासळत गेली. ताप, खोकला आणि अशक्तपणा यांनी शरीर पोखरले; पण परीक्षा एकामागून एक पार पडत राहिल्या. प्रबंधासाठी त्यांनी हिंदू आर्यांमधील प्रसूतिशास्त्र हा विषय निवडला. दहा दिवसांच्या बाळाला गमावलेल्या आईने नेमका हाच विषय घ्यावा, यात बरेच काही आले.

११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाईंना एम.डी. ही पदवी मिळाली. वयाची एकवीस वर्षे पूर्ण व्हायला तेव्हा वीस दिवस बाकी होते. समारंभाला पंडिता रमाबाई उपस्थित होत्या. गोपाळरावही तोवर अमेरिकेत पोहोचले होते. व्हिक्टोरिया राणीकडून अभिनंदनाचा संदेश आला. याच वर्षी कलकत्त्यात कादंबिनी गांगुली यांनीही वैद्यकीय शिक्षण पूर्ण केले. पाश्चात्त्य वैद्यकाचे दरवाजे भारतीय स्त्रीला एकाच वर्षी दोन खंडांत उघडले, हा योगायोग मोठा अर्थपूर्ण आहे.

रिकामी राहिलेली खुर्ची

पदवी मिळाली त्याच वर्षी कोल्हापूर संस्थानाकडून आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलच्या स्त्री विभागाच्या प्रमुखपदाचा प्रस्ताव आला. त्या वेळी शाहू महाराज अवघ्या बारा वर्षांचे होते. संस्थानाचा कारभार त्यांच्या वतीने चालत होता. ज्या गावातून मदतीची याचना करणारे पत्र गेले होते, त्याच गावाने आता सन्मानाने बोलावणे धाडले. आनंदीबाईंनी ते स्वीकारले.

परंतु शरीर साथ देत नव्हते. क्षयाने त्यांना ग्रासले होते. १८८६ च्या अखेरीस त्या मायदेशी परतल्या. ज्यांनी जाताना नावे ठेवली होती, त्यांतलेच अनेक जण आता कौतुकाला पुढे आले. उपचार झाले, पण उपयोग झाला नाही. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांची प्राणज्योत मालवली. बाविसावा वाढदिवस महिन्यावर आला होता. त्यांच्या अस्थी कार्पेंटर मावशींकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातील पकीप्सी येथील दफनभूमीत, त्या कुटुंबाच्या जागेत विसावल्या.

क्षयाचे कारण तेव्हा अज्ञात नव्हते. जर्मन शास्त्रज्ञ रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी, म्हणजे आनंदीबाई अमेरिकेला निघण्याच्या एक वर्ष आधी, क्षयाच्या जीवाणूचा शोध जाहीर केला होता. पण कारण कळणे आणि इलाज सापडणे यांत फार मोठे अंतर असते. बीसीजी लस माणसाला प्रथम टोचली गेली १९२१ मध्ये. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडले. क्षय कशामुळे होतो, हा आज शालेय प्रश्नपत्रिकेतील एका गुणाचा प्रश्न आहे. विद्यार्थी त्याचे उत्तर दोन शब्दांत लिहून पुढच्या प्रश्नाकडे वळतो. आनंदीबाईंना ते उत्तर शिकण्याची संधी होती, मात्र त्यापुढचे उत्तर त्या काळी जगातल्या कोणत्याच पुस्तकात नव्हते.

त्यांच्या हातून एकाही रुग्णाची सेवा कोल्हापुरात घडली नाही. पदवीनंतर वर्ष पुरे होण्याआधीच आयुष्य संपले. मग त्यांच्या शिक्षणाचे फलित काय, असा प्रश्न कोरडा हिशेब मांडणारा विचारू शकेल. त्याचे उत्तर नंतरच्या काळाने दिले. कॅरोलिन डॉल यांनी १८८८ मध्ये इंग्रजीत आणि त्यानंतर काशीबाई कानिटकर यांनी मराठीत त्यांचे चरित्र लिहिले. श्री. ज. जोशी यांच्या आनंदी गोपाळ या कादंबरीने ही कथा मराठी घराघरांत नेली आणि २०१९ मध्ये त्याच नावाचा चित्रपट आला. शुक्र ग्रहावरील एका विवरालाही त्यांचे नाव आहे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे आनंदीबाई जेथे पोहोचू शकल्या नाहीत, त्याच कोल्हापूरच्या रुग्णालयात पुढे डॉ. कृष्णाबाई केळवकर यांनी स्त्री रुग्णांची सेवा केली. त्यांच्या वैद्यकीय शिक्षणाला शाहू महाराजांचा आधार मिळाला होता.

आज थोरल्या दवाखान्याला राजर्षी शाहू महाराजांच्या नावाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. पांढरा कोट घातलेल्या मुली तेथे सहज वावरतात. कोणी त्यांच्याकडे वळून पाहत नाही. ज्या मुलीकडे रस्त्यातला प्रत्येक जण वळून पाहत असे आणि तरीही जिने हातातले पुस्तक खाली ठेवले नाही, तिच्यासाठी याहून उचित स्मारक दुसरे नसेल.