लुई पाश्चर आणि रक्ताची साक्ष

विद्यार्थी मित्रांनो, आपल्या अकोल्याचा उन्हाळा तुम्हाला काय सांगावा! पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. सकाळी तापवायचं राहिलेलं दूध दुपारी नासलेलं असतं. हे का होतं, ते प्रयोग करून जगाला पटवून देणारे शास्त्रज्ञ म्हणजे लुई पाश्चर.

त्यांचा जन्म २७ डिसेंबर १८२२ रोजी फ्रान्समधील डोल या गावी झाला. वडील कातडी कमावण्याचं काम करायचे. लहानपणी लुईला चित्रं काढायची फार आवड होती. पुढे ते रसायनशास्त्र शिकले आणि १८५४ मध्ये लील शहरात प्राध्यापक झाले.

तिथे बीटपासून अल्कोहोल बनवणारा एक कारखानदार त्यांच्याकडे आला. त्याचा माल आंबट होऊन वाया जात होता. पाश्चर यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिलं. चांगल्या पिंपात गोल यीस्टपेशी होत्या, तर बिघडलेल्या पिंपात काडीसारखे वेगळे जीव दिसले. म्हणजे साखरेचं अल्कोहोल करणारेही जीवच आणि माल बिघडवणारेही जीवच!

मग त्यांना प्रश्न पडला, की रक्त आपोआप सडतं का? १८६३ मध्ये त्यांनी निरोगी प्राण्याच्या शिरेतून रक्त थेट जंतुविरहित काचपात्रात घेतलं. उबदार जागी कित्येक दिवस ठेवूनही ते सडलं नाही. जंतू आत गेले नाहीत, तर सडणंही नाही.

आता बघा, याचा आपल्याशी काय संबंध? गाडी चालवणाऱ्याच्या १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं, तर कायद्याने तो गुन्हा ठरतो. डॉक्टर रक्त काढतात आणि नमुना न्यायवैद्यक प्रयोगशाळेत जातो. अशी एक प्रादेशिक प्रयोगशाळा आपल्या अमरावतीलाही आहे. पण वाटेत ती बाटली उन्हात राहिली तर? झाकण सैल असेल, तर अल्कोहोल उडून जातं आणि दोषी माणूस सुटू शकतो. यीस्ट आत शिरलं, तर ते रक्तातल्या साखरेपासून नवीन अल्कोहोल तयार करतं. मग थेंबभरही न प्यायलेला माणूस अडकू शकतो! काही जंतू तर असलेलं अल्कोहोलही खाऊन टाकतात.

म्हणून सुई टोचण्याआधी त्वचा स्पिरिटने पुसत नाहीत. बाटलीत सोडियम फ्लोराईड घालतात, त्यामुळे जंतूंचं काम थांबतं. बाटली शक्यतो भरलेली ठेवतात, कारण वरच्या मोकळ्या जागेत अल्कोहोलची वाफ जमते. झाकण घट्ट लावून, सील करून ती सुमारे ४ अंशांवर फ्रीजमध्ये ठेवतात. नमुना कधी घेतला, कुणाच्या ताब्यात होता, याचीही नोंद ठेवतात. ही नोंद अर्धवट असली, तर न्यायालयात अहवालावरच प्रश्न उभा राहतो.

पाश्चर यांनी दारूच्या तपासणीसाठी हे काम केलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. त्यांच्या स्वतःच्या तीन मुली लहान वयातच आजाराने गेल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाली, तरी त्यांनी काम सोडलं नाही. १८८५ मध्ये त्यांनी पिसाळलेल्या कुत्र्याने चावलेल्या मुलाला लस देऊन वाचवलं. २८ सप्टेंबर १८९५ रोजी त्यांचं निधन झालं.

तर मित्रांनो, रक्त साक्ष देतं खरं. पण ते नीट जपलं, तरच ती साक्ष खरी ठरते. आता घरी एक काम करा. एक वाटी दूध फ्रीजमध्ये आणि एक ओट्यावर ठेवा. संध्याकाळी दोन्हींचा वास घ्या आणि काय दिसलं ते वहीत लिहून आणा.