आधी स्वतःला टोचली, मग लोकांना! प्लेगची लस बनवणाऱ्या हाफकिन यांची गोष्ट

बारामती/इंदापूर : अंगणवाडीत नाहीतर आरोग्य केंद्रात बाळाला लस टोचून आणली की रात्री ताप येतो, मांडी दुखते, पोर किरकिर करतं. मग घरात हमखास कुणीतरी म्हणतं, चांगल्या पोराला सुई कशाला टोचली? सव्वाशे वर्षांपूर्वी प्लेगच्या साथीत हीच शंका पुणे, मुंबईच्या घराघरात होती. तेव्हा एका परदेशी शास्त्रज्ञानं आपली लस आधी स्वतःलाच टोचून घेतली. त्यांचं नाव वाल्डेमार हाफकिन. मुंबईत परळला त्यांच्या नावाची हाफकिन संस्था आजही आहे.

शरीरातले राखणदार

हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियाच्या साम्राज्यात होतं, आता युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह हे गुरू भेटले. मेचनिकोव्ह यांनी समुद्रातल्या एका बारीक जिवाच्या अंगात काटा टोचून पाहिला, तर काही तासांत त्या काट्याभोवती पेशींचा घोळका जमलेला दिसला. बाहेरून काही घुसलं की त्यावर धावून जाणारे राखणदार शरीरातच असतात, हे त्यावरून त्यांच्या ध्यानात आलं. आपल्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी हेच काम करतात. जखमेत पू होतो तो याच लढाईत मेलेल्या पेशींचा आणि जंतूंचा. या कामासाठी मेचनिकोव्ह यांना १९०८ मध्ये नोबेल मिळालं.

हाफकिन हुशार होते, पण धर्म बदलल्याशिवाय रशियात प्राध्यापकाची जागा मिळणार नव्हती. त्यांनी धर्म बदलला नाही, देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत सुरुवातीला ग्रंथपालाचं काम पत्करलं आणि उरलेल्या वेळात प्रयोग केले. १८९२ मध्ये कॉलऱ्याची लस तयार झाली, ती त्यांनी पहिल्यांदा स्वतःला टोचून घेतली. १८९३ मध्ये ते भारतात आले. पुढच्या दोनेक वर्षांत सुमारे ४२ हजार लोकांना त्यांनी कॉलऱ्याची लस टोचली.

तुपावर वाढवले जंतू

१८९६ च्या पावसाळ्याअखेरीस मुंबईत मांडवी भागात प्लेग सुरू झाला. आधी उंदीर पडायचे, मग माणसाच्या काखेत, जांघेत गाठ यायची. हाफकिन यांना मुंबईला बोलावलं गेलं. ग्रँट मेडिकल कॉलेजात जेमतेम जागा आणि हाताखाली मोजकी माणसं, एवढ्यावर त्यांनी काम सुरू केलं. रश्श्यासारख्या द्रवावर तुपाचे थेंब सोडले, की प्लेगचे जंतू त्या थेंबांना धरून खाली लोंबत वाढायचे. ते भरपूर वाढले की उष्णता देऊन मारायचे. या मेलेल्या जंतूंची लस.

मेलेला जंतू आजार करू शकत नाही, पण शरीराला त्याची ओळख पटते. पांढऱ्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात, त्याला धरणारी प्रतिपिंडं तयार होतात आणि काही पेशी ती ओळख लक्षात ठेवतात. गावात एकदा चोराचा चेहरा पाहून ठेवला की पुढच्या वेळी वेशीवरच ओरड होते, तसं हे आहे. पुढे खरा जंतू आला की शरीर लवकर जागं होतं. लस टोचल्यावर येणारा थोडा ताप ही बहुतेक वेळा याच तयारीची खूण असते.

१० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी नेहमीपेक्षा मोठी मात्रा स्वतःला टोचून घेतली. ताप आला, अंग दुखलं, पण ते बरे झाले. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात, जिथं प्लेग शिरलाच होता, तयार झालेल्या कैद्यांना लस दिली गेली. ज्यांना टोचली नव्हती त्यांच्यात आजारी आणि दगावलेले जास्त निघाले. लस पूर्ण कवच नव्हती, पण जीव वाचत होते.

तोवर प्लेग पुण्यात पोचला होता. रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई फुले गेल्या. घरात घुसून होणाऱ्या तपासण्यांमुळे लोक सरकारवर चिडलेले होते. त्यामुळे सरकारी सुईवरही भरवसा नव्हता. अशा वेळी आगाखान यांनी स्वतः लस घेतली आणि हाफकिन यांना कामासाठी जागा दिली. पुढे १८९९ मध्ये प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये गेली.

एका बाटलीनं घात केला

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल गावात १०७ जणांना लस टोचली. त्यातले १९ जण धनुर्वातानं मेले, आणि त्या सगळ्यांना एकाच बाटलीतली लस दिली होती. ठपका हाफकिन यांच्यावर आला. त्यांचं पद गेलं. प्रयोगशाळेतच घाण राहिली, असं चौकशीत म्हटलं गेलं.

पण पुरावा दुसरीकडे बोट दाखवत होता. गावात बाटली उघडताना हाताखालच्या माणसाचा चिमटा जमिनीवर पडला होता. तो नीट निर्जंतुक न करता त्यानंच बूच काढलं होतं. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. हाफकिन पाच वर्षं भांडत राहिले. १९०७ मध्ये मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस आणि इतर नामवंत शास्त्रज्ञ जाहीरपणे त्यांच्या बाजूनं उभे राहिले आणि डाग पुसला गेला. सरकारनं पुन्हा कामावर घेतलं, पण कलकत्त्यात. मुंबईची प्रयोगशाळा काही त्यांना परत मिळाली नाही.

पुढे ते निवृत्त होऊन युरोपात गेले. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्यांचं नाव दिलं गेलं. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमध्ये लोझान इथं त्यांचं निधन झालं. १९६४ मध्ये भारत सरकारनं त्यांच्यावर टपाल तिकीट काढलं.

आपल्या गावात

आज बारामती, इंदापूरच्या कुठल्याही आरोग्य केंद्रात लस शीतपेटीतून येते. प्रत्येकाला नवी सुई वापरतात आणि टोचल्यावर अर्धा तास थांबायला सांगतात. मुल्कोवालच्या त्या १९ जणांची आठवण ठेवली तर हा अर्धा तास फुकट गेला असं वाटणार नाही. सुई नवी आहे का, हे ताईंना बिनधास्त विचारावं. ताप जास्त चढला किंवा उतरतच नसेल तर लगेच दवाखाना गाठावा. पण शंका आली म्हणून बाळाचा पुढचा डोस चुकवू नये.