विश्लेषण : ‘ॲलर्जी’ हा शब्द कुठून आला? सर्पदंशाच्या लसीशी त्याचा संबंध काय?

पावसाळ्यात सिद्धगडच्या पायथ्याशी, मुरबाड-शहापूरच्या भातशेतांत सर्पदंशाचा धोका वाढतो. त्यावरची लस घोड्याच्या रक्तातून तयार होते. ती जीव वाचवते. पण काही रुग्णांना आठवड्याभराने ताप, पुरळ, सांधेदुखी होते. असे का होते, हे व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिरके यांनी उलगडले.

कोण होते पिरके?

त्यांचा जन्म १२ मे १८७४ रोजी व्हिएन्नाजवळ झाला. आधी धर्मशास्त्र आणि तत्त्वज्ञान शिकून ते वैद्यकाकडे वळले आणि १९०० मध्ये डॉक्टर झाले.

त्यांनी काय शोधले?

त्या काळी घटसर्प झालेल्या मुलांना घोड्याच्या रक्तातील सीरम देत. काही मुले नंतर आजारी पडत. दुसऱ्यांदा सीरम दिले तर त्रास लवकर सुरू होई. पिरके आणि त्यांचे सहकारी बेला शिक यांनी १९०५ मध्ये हा ‘सीरम आजार’ मांडला. रोगाशी लढणारी प्रतिपिंडेच कधी रोग घडवतात, हा विचार तेव्हा धक्कादायक होता. शरीराच्या या बदललेल्या प्रतिसादाला पिरके यांनी १९०६ मध्ये ‘ॲलर्जी’ हे नाव दिले. १९०७ मध्ये त्यांनी क्षयासाठी त्वचेची चाचणी आणली.

प्रकार किती?

१९६३ मध्ये जेल आणि कूम्ब्स यांनी चार प्रकार पाडले.
पहिला : काही मिनिटांत गांधी, धाप; रक्तदाबही कोसळू शकतो.
दुसरा : प्रतिपिंडांचा थेट पेशींवर हल्ला, उदा. चुकीच्या गटाचे रक्त चढवणे.
तिसरा : प्रतिपिंडांच्या गुठळ्या रक्तवाहिन्यांत, सांध्यांत अडकतात, सीरम आजार यातलाच.
चौथा : पेशींमार्फत, दोन-तीन दिवसांनी, क्षयाची चाचणी किंवा बिब्बा उतणे.

पुढे काय झाले?

पहिल्या महायुद्धानंतर पिरके यांनी ऑस्ट्रियातील उपाशी मुलांच्या आहाराची व्यवस्था लावली. २८ फेब्रुवारी १९२९ रोजी त्यांनी पत्नीसह जीवन संपवले.

आपण काय लक्षात ठेवावे?

रिॲक्शनच्या भीतीने सर्पदंशाची लस टाळू नये. ती रुग्णालयातच घ्यावी; तिथे त्रास झाल्यास ॲड्रेनलिन देता येते. घरी गेल्यावर पंधरवड्यात ताप, पुरळ आले तर विष उरले असे समजून भगताकडे जाऊ नये. डॉक्टरांकडे जाऊन लस घेतल्याचे सांगावे; या त्रासावर उपचार आहेत.