डॉ. सालोमन यांचे तीन हजार एक्स-रे

स्तनाच्या एक्स-रेचा पहिला मोठा अभ्यास झाला तो शस्त्रक्रियेत काढून टाकलेल्या स्तनांवर. म्हणजे कॅन्सरचे निदान आधीच झालेले होते, ऑपरेशनही होऊन गेले होते. मॅमोग्राफी म्हटले की आपल्याला निरोगी बाईची तपासणी आठवते, त्यामुळे हे ऐकून बऱ्याच जणांना आश्चर्य वाटते. हा अभ्यास बर्लिनचे सर्जन डॉ. अल्बर्ट सालोमन यांनी केला आणि १९१३ मध्ये प्रसिद्ध केला.

सालोमन यांचा जन्म १८८३ चा, जर्मनीतल्या एका ज्यू कुटुंबातला. रोंटजेन यांनी १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले तेव्हा ते शाळेत होते. पुढे डॉक्टर होऊन बर्लिनच्या विद्यापीठ रुग्णालयात ते शस्त्रक्रिया करू लागले. त्या काळी स्तनाच्या कॅन्सरवर सर्रास एकच मोठे ऑपरेशन होई. पूर्ण स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या ग्रंथी, सगळे एकत्र काढायचे. हाताला लागणारी गाठ सुपारीएवढी असो की लिंबाएवढी, आत रोग कुठवर गेला आहे हे कळायला साधन नव्हते. म्हणून सरसकट सगळे काढायचे.

सालोमन यांना नेमके हेच पाहायचे होते. काढलेल्या स्तनाचा ते एक्स-रे घेत, मग तोच स्तन कापून डोळ्यांनी पाहत आणि शेवटी त्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवत. चित्रात जी सावली दिसली, ती प्रत्यक्षात काय होती याचा ताळा जुळवायचा. असे सुमारे ३००० नमुने त्यांनी तपासले. काही गाठींचे काठ रेखीव असतात, तर काहींमधून काट्यांसारख्या रेघा आजूबाजूला पसरतात, हे त्यांनी चित्रात दाखवले. रोग काखेकडे कसा सरकतो तेही दाखवले. काही चित्रांत त्यांना बारीक ठिपकेही दिसले. ते कॅल्शियमचे कण होते, पण निदानासाठी ते किती मोलाचे आहेत हे त्यांच्या ध्यानात आले नाही. उरुग्वेचे डॉ. राउल लेबोर्न यांनी ते महत्त्व ठळकपणे मांडेपर्यंत तीन दशकांहून अधिक काळ जावा लागला.

आज सुरुवातीच्या अवस्थेतला कॅन्सर सापडल्यावर आम्ही पुन्हा मॅमोग्राफी, सोनोग्राफी, कधी एमआरआय सांगतो, तेव्हा घरचे लोक विचारतात, बायोप्सीत कॅन्सर आलाच आहे, मग आता फोटो कशाला? प्रश्न रास्त आहे. ही तपासणी कॅन्सर आहे का हे विचारत नाही. तो किती आहे, कुठे आहे, दुसरीकडे आहे का, हे विचारते. सालोमन यांचाही प्रश्न तोच होता. फरक इतकाच, की त्यांना उत्तर ऑपरेशननंतर मिळे, आपल्याला बरेचसे आधी मिळते.

रिपोर्ट हातात आल्यावर सगळ्यात मोठा घोटाळा होतो तो शेवटच्या ओळीतल्या आकड्याने. तिथे ‘बायरॅड्स’ आणि पुढे एक अंक असतो. बायरॅड्स ४ वाचून चौथी स्टेज समजून रडत आलेल्या बायका आमच्या सरकारी दवाखान्यात नेहमीच्या आहेत. बायरॅड्स आणि स्टेज यांचा काहीही संबंध नाही. ४ म्हणजे चित्र संशयास्पद आहे, तुकडा तपासा. त्यातले कितीतरी तुकडे साधे निघतात. ५ म्हणजे चित्रावरून कॅन्सरची शक्यता फार मोठी. आणि ६ म्हणजे बायोप्सीत कॅन्सर सिद्ध झाला आहे आणि आता उपचार ठरवण्यासाठी चित्र काढले आहे. पाचावरून सहावर गेले म्हणजे आजार वाढला, असे मुळीच नाही. रिपोर्टचा फोटो काढून चार नातेवाइकांना पाठवण्याआधी एवढे तरी ध्यानात ठेवावे.

आकड्यापेक्षा वरचा मजकूर अधिक कामाचा असतो. समजा गाठ दीड सेंटिमीटरची आहे, पण कॅल्शियमचे कण पाच सेंटिमीटरभर पसरलेले आहेत. ते कण कॅन्सरच्याच वाटेवरचे निघाले, तर फक्त गाठ काढून भागणार नाही. एकाहून अधिक ठिकाणी रोग असल्याचे लिहिले असेल, तर त्या जागा जवळजवळ आहेत की स्तनाच्या वेगवेगळ्या भागांत, हे सर्जनला जरूर विचारावे. स्तन वाचवता येईल की नाही, हे बरेचसे त्यावर ठरते. एमआरआयमध्ये नवा ठिपका दिसला, तर तो कॅन्सरच आहे असे मानून घाईने मोठे ऑपरेशन करू नये. एमआरआयला साध्या गोष्टीही उजळ दिसतात. आधी त्या ठिपक्याची बायोप्सी, मग निर्णय. काखेतल्या ग्रंथींचेही तसेच. जाड दिसली तर सुई घालून तपासतात, नीट दिसली तरी आत थोड्या पेशी असू शकतात, म्हणून ऑपरेशनच्या वेळी पहिली ग्रंथी काढून बघतात. आणि तीन तपासण्यांत गाठीची तीन मापे आली तर घाबरू नये. प्रत्येक यंत्र गाठ आपापल्या पद्धतीने पाहते. अंतिम माप पॅथॉलॉजीचे.

सालोमन यांनी मात्र हा अभ्यास पुढे नेला नाही. वर्षभरात पहिले महायुद्ध पेटले आणि ते लष्करी सर्जन म्हणून गेले. १९१६ मध्ये फ्रान्झिस्का या परिचारिकेशी त्यांचे लग्न झाले, पुढच्या वर्षी मुलगी झाली, शार्लोट. मुलगी आठ वर्षांची असताना फ्रान्झिस्का यांनी आत्महत्या केली. १९३० मध्ये सालोमन यांनी गायिका पाउला लिंडबर्ग यांच्याशी दुसरे लग्न केले. १९३३ मध्ये नाझी सत्तेवर आले आणि ज्यू असल्यामुळे विद्यापीठात शिकवण्याचा त्यांचा हक्क गेला. मग ते बर्लिनच्या ज्यू रुग्णालयात काम करत राहिले. नोव्हेंबर १९३८ मध्ये त्यांना पकडून झाक्सेनहाउझेनच्या छळछावणीत टाकले. पाउला यांच्या खटपटीने ते सुटले. शार्लोटला फ्रान्समध्ये आजी-आजोबांकडे पाठवून दोघे ॲमस्टरडॅमला गेले. तिथेही जर्मन फौजा आल्या. १९४३ मध्ये दोघांना वेस्टरबोर्कच्या छावणीत डांबले, तिथून ते निसटले आणि युद्ध संपेपर्यंत लपून राहिले.

शार्लोट वाचली नाही. ऑक्टोबर १९४३ मध्ये आउशविट्झला तिला मारले गेले. ती २६ वर्षांची आणि गरोदर होती. तिने मागे सातशेहून अधिक चित्रांची एक मालिका ठेवली होती, आपल्याच घराची कथा. त्यात एक डॉक्टर वडीलही आहेत. युद्धानंतर ती चित्रे आईवडिलांच्या हाती आली आणि १९७१ मध्ये त्यांनी ती ॲमस्टरडॅमच्या ज्यू संग्रहालयाला दिली. आज बाहेरच्या जगात सालोमन हे नाव वडिलांपेक्षा मुलीमुळे अधिक ओळखले जाते.

मधल्या काळात स्तनाचा एक्स-रे दुसऱ्यांनी पुढे नेला. अमेरिकेत स्टॅफर्ड वॉरन यांनी १९३० मध्ये जिवंत रुग्णांवरचा अनुभव मांडला, १९६० मध्ये रॉबर्ट ईगन यांनी स्पष्ट चित्रे मिळण्याची पद्धत बसवून दिली. सालोमन ॲमस्टरडॅमलाच राहिले आणि १९७६ मध्ये वारले.

स्तन वाचवण्याच्या ऑपरेशनमध्ये, विशेषतः कॅल्शियमचे कण असतील तर, सर्जन रोगट भाग काढतात आणि रुग्ण टेबलावर असतानाच त्या तुकड्याचा एक्स-रे घेतला जातो. आधीच्या मॅमोग्राफीत दिसलेले कण आणि गाठ तुकड्यात पूर्ण आली का, ती काठाला तर लागलेली नाही ना, हे पाहतात. काठाला लागलेली दिसली तर त्या बाजूने आणखी थोडे काढतात. मग तुकडा पॅथॉलॉजीकडे जातो, आणि चित्र व काप शेजारी ठेवून पुन्हा एकदा ताळा जुळवला जातो. म्हणून ऑपरेशनला येताना केवळ रिपोर्टचा कागद आणू नका. जुन्या-नव्या सगळ्या फिल्म आणि सीडी बरोबर आणा.