पोर्ट्रेट मोड, १८६४: ज्युलिया मार्गारेट कॅमेरन यांची गोष्ट

फोनमध्ये पोर्ट्रेट मोड लावला की चेहरा स्पष्ट राहतो आणि मागचं सगळं धूसर होतं. हे धूसर होणं आज फीचर म्हणून विकलं जातं. १८६४ साली तो दोष समजला जायचा, आणि इंग्लंडमध्ये एक बाई हा दोष मुद्दाम करत होत्या. त्यांचं नाव ज्युलिया मार्गारेट कॅमेरन. (आडनाव कॅमेऱ्याशी जुळतं, हा निव्वळ योगायोग!) मी पोटापाण्यासाठी कोड लिहितो, फोटोग्राफी हा छंद. पण प्रकाश आणि टेक्स्चर समजून घ्यायला मला यांच्याइतकं चांगलं उदाहरण दुसरं सापडलेलं नाही.

४८व्या वर्षी पहिला कॅमेरा

जन्म ११ जून १८१५, कोलकाता. वडील ईस्ट इंडिया कंपनीत अधिकारी. १८३८ मध्ये लग्न झालं चार्ल्स कॅमेरन यांच्याशी. भारतीय दंड संहितेचा मसुदा करणाऱ्या विधी आयोगाचे ते सदस्य होते. त्याआधी केप ऑफ गुड होपला बाईंची ओळख शास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांच्याशी झाली होती. फोटो पक्का करणारं हायपो हे रसायन फोटोग्राफीत आणलं ते हर्शेल यांनीच. फोटोग्राफीची पहिली माहिती बाईंना त्यांच्याकडूनच मिळाली.

१८४८ मध्ये कुटुंब इंग्लंडला गेलं आणि १८६० मध्ये आयल ऑफ वाइट बेटावरच्या फ्रेशवॉटरला स्थायिक झालं. डिसेंबर १८६३ मध्ये लेक आणि जावयाने त्यांना कॅमेरा भेट दिला. सहा मुलांच्या आईने कोळशाच्या खोलीची डार्करूम केली आणि कोंबड्यांच्या काचेच्या घराचा स्टुडिओ!

सुरकुत्या इतक्या ठळक का?

तेव्हाची पद्धत होती वेट कोलोडियन. काचेवर चिकट द्रव ओतायचा, काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची आणि ओली असतानाच फोटो काढून डेव्हलप करायचा. काच वाळली की संपलं.

ही काच निळ्या आणि अतिनील प्रकाशालाच प्रतिसाद देते, लाल रंग तिला जवळजवळ दिसतच नाही. त्यामुळे त्वचेवरचे लालसर-तपकिरी डाग गडद उमटतात, सुरकुत्या खोल दिसतात. पडताळून बघायचं असेल तर स्वतःचा एखादा फोटो एडिटरमध्ये उघडा आणि फक्त ब्लू चॅनल बघा. बराचसा तोच परिणाम दिसेल.

धूसरपणा कुठून आला?

त्यांच्या पहिल्या लेन्सची फोकल लेंग्थ साधारण १२ इंच आणि अपर्चर एफ/३.६. म्हणजे ३०५ भागिले ३.६, प्रकाश आत येण्याची खिडकी सुमारे ८५ मिलीमीटर. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात ती साधारण ४ मिलीमीटर असते. खिडकी एवढी मोठी आणि चेहरा एवढा जवळ असला की डोळा फोकसमध्ये येतो आणि कान निसटतो. फोनला हे लेन्समधून जमत नाही, म्हणून तो अंतराचा अंदाज बांधून सॉफ्टवेअरने ब्लर लावतो.

त्यात एक्स्पोजर कित्येक मिनिटांचं. माणूस श्वास घेणार, थोडा हलणार. तेही फोटोत उतरायचं.

सुरुवातीला हे आपोआपच झालं. पुढे तो निर्णय झाला. इतर फोटोग्राफर सगळं रेखीव होईपर्यंत लेन्स पुढे-मागे करत राहायचे. बाई चेहरा नजरेला सुंदर दिसला की थांबायच्या.

प्रकाश एका बाजूने

नेहमीच्या स्टुडिओत प्रकाश सगळीकडून सारखा पडायचा. बाई पडदे ओढून बराचसा अडवायच्या. १८६७ मध्ये त्या सगळं सामान घेऊन हर्शेल यांच्या घरी गेल्या. ७५ वर्षांचे हर्शेल, अंगावर गडद कापड, मागे काळोख, विस्कटलेल्या पांढऱ्या केसांवर प्रकाश. त्याच वर्षी भाची ज्युलिया जॅक्सनचा (लेखिका व्हर्जिनिया वूल्फ यांची आई) फोटो काढला: चेहरा समोर, अर्धा उजेडात, अर्धा सावलीत. प्रकाश तिरका आला की प्रत्येक उंचवट्याची सावली पडते. टेक्स्चर म्हणजे मुख्यतः या बारीक सावल्याच.

टीका आणि हिशेब

फोटोग्राफीच्या नियतकालिकांनी त्यांच्यावर टीका केली: फोकस नाही, काचेवर डाग, ओरखडे. त्या जगात मोजमाप होतं शार्पनेस आणि स्वच्छ काच. इंजिनिअर म्हणून मला ते समजतं, कारण जे मोजता येतं तेच चांगलं मानायची सवय आपल्यालाही आहे. पण साउथ केन्सिंग्टन म्युझियमने १८६५ मध्येच त्यांचे फोटो विकत घेतले. टेनिसन, कार्लाइल, डार्विन त्यांच्यासमोर बसले.

पैसा मात्र फारसा आला नाही. श्रीलंकेतले नवऱ्याचे कॉफीचे मळे तोट्यात होते, आणि फोटो विकून घराला हातभार लागेल ही त्यांची आशा होती. १८७५ मध्ये दोघं श्रीलंकेला गेले. तिथे त्यांनी थोडेच फोटो काढले. २६ जानेवारी १८७९ ला त्या गेल्या. जेमतेम डझनभर वर्षांचं काम.

घरी करून बघा

आपले फोन ब्लर देतात, पण ब्यूटी फिल्टर लावून त्वचा गुळगुळीत करतात. बाईंनी पार्श्वभूमी सोडली, कडा सोडल्या, सुरकुत्या मात्र ठेवल्या. आजी-आजोबांचा फोटो काढायचा असेल तर फिल्टर बंद करा, ट्यूबलाइट बंद करा, त्यांना खिडकीला खांदा लावून बसवा आणि मागे गडद चादर टांगा. एक फोटो समोरून उजेड घेऊन काढा, एक बाजूने. दोन्ही शेजारी ठेवून बघा.