प्लेगच्या लशीचे जनक हाफकिन

परळच्या हाफकिन संस्थेचे नाव मुंबईकरांना परिचित आहे. पण ज्या शास्त्रज्ञाचे हे नाव, त्यांना याच देशात मोठा कलंक सोसावा लागला, याचे स्मरण फारसे कोणाला नाही.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १८६० मध्ये ओडेसा येथे ज्यू कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी कॉलऱ्याची लस सिद्ध केली आणि १८९२ मध्ये ती स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते भारतात आले. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगने थैमान घातले, तेव्हा ग्रँट मेडिकल कॉलेजात तुटपुंज्या साधनांनिशी त्यांनी अहोरात्र काम केले. उष्णतेने मारलेल्या प्लेगजंतूंची लस १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी पुन्हा प्रथम स्वतःलाच टोचली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची परीक्षा झाली.

मृत जंतूंमुळे संरक्षण कसे मिळते, याचा पुरता उलगडा तेव्हा झालेला नव्हता. प्रतिपिंडे निर्माण करणाऱ्या बी-पेशींची ओळख कित्येक दशकांनंतर पटली. या पेशीच्या पृष्ठभागावरील ग्राहक जंतू तर ओळखतोच. शिवाय तो पेशीच्या आत जे संदेश पाठवितो, त्यांवर तिचे परिपक्व होणे आणि जगणेही अवलंबून असते. १९९७ मध्ये उंदरांवरील प्रयोगात हा ग्राहक नाहीसा करताच परिपक्व बी-पेशी मरण पावल्या. लस टोचल्यावर नेमक्या जंतूशी जुळणारा ग्राहक असलेल्या पेशींची संख्या वाढते आणि त्यांतील काही स्मृतिपेशी होऊन टिकून राहतात.

१९०२ मध्ये पंजाबातील मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. सर्वांना एकाच बाटलीतील लस दिली गेली होती. ती उघडताना वापरलेला चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता. तरीही दोष हाफकिन यांच्या माथी मारला गेला व त्यांना पद गमवावे लागले. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी त्यांची बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १९०७ मध्ये ते निर्दोष ठरले. मात्र परळची प्रयोगशाळा त्यांना परत मिळाली नाही. कलकत्त्यास त्यांची नेमणूक झाली. १९२५ मध्ये त्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव देण्यात आले. १९३० मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले.

त्यांच्या नावाच्या संस्थेत पुढे सर्पदंशावरील प्रतिविषही तयार होऊ लागले. भातलावणीच्या दिवसांत शहापूर-मुरबाडच्या पाड्यांवर साप चावलेल्या शेतकऱ्याला प्रतिविषच तारते आणि त्यातील प्रतिपिंडे घोड्याच्या बी-पेशींपासूनच आलेली असतात.