मळीचे मोल

अहिल्यानगरहून मनमाडकडे जाताना कोल्हार येथे प्रवरा नदी ओलांडावी लागते. तेथून जवळच लोणी बुद्रुक हे विठ्ठलराव विखे पाटील यांचे गाव. घर शेतकऱ्याचे, शिक्षण बेताचेच; पण व्यवहाराची जाण मोठी. भंडारदरा धरणाच्या कालव्यांमुळे प्रवराकाठी ऊस डोलू लागला होता. तरीही गुळाचा भाव पडला, की शेतकरी सावकाराच्या दारी उभा राही. विठ्ठलरावांनी १९२३ साली लोणीत सहकारी पतपेढी काढली. तेवढ्याने भागेना. ऊस आपला, तर साखरेचा कारखानाही आपलाच हवा, असे त्यांच्या मनाने घेतले.

गावोगाव हिंडून त्यांनी भागभांडवल जमविले. वारंवार नाडला गेलेला शेतकरी गाठीचा पैसा सहजासहजी कसा सोडणार? परंतु विठ्ठलरावांच्या शब्दावर त्याने तो सोडला. अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ कारखान्याचे पहिले अध्यक्ष झाले आणि १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगर येथे गाळप सुरू झाले. शेतकऱ्यांचा हा सहकारी साखर कारखाना आशियातील पहिला म्हणून ओळखला जातो. १९६१ साली विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली.

साखर काढून घेतल्यावर काळी, चिकट मळी उरते. तीही सभासदांच्याच उसाची! मळी आंबवून तिचे ऊर्ध्वपातन केले, की मद्यार्क मिळतो. त्यातील पाण्याचा अंश काढून टाकला, की ते मोटारीच्या पेट्रोलात मिसळण्याजोगे इथेनॉल होते.

इंजिनात पेट्रोलची वाफ व हवा एकत्र दाबली जातात. पेट्रोल हलक्या प्रतीचे असेल, तर ठिणगीची ज्योत पोहोचण्यापूर्वीच त्याचा काही भाग आपोआप पेटतो आणि इंजिन ठकठक वाजू लागते. असे अवेळी न पेटण्याचा गुण ऑक्टेन अंकाने मोजतात. तो वाढविण्यासाठी पूर्वी पेट्रोलात शिशाचे विषारी संयुग घालीत. भारतात ते २००० साली बंद झाले. इथेनॉलचा अंक मुळातच सुमारे १०८ आहे. त्यामुळे साध्या पेट्रोलचा अंक ९१ धरला, तर वीस टक्के इथेनॉल असलेल्या पेट्रोलचा ९५ ठरविलेला आहे. मात्र लिटरमागे इथेनॉलची उष्णता पेट्रोलहून सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणून गाडी थोडे कमी अंतर धावते.

विठ्ठलरावांचे निधन २७ एप्रिल १९८० रोजी झाले. २००१ साली देशात इथेनॉलमिश्रित पेट्रोलचे प्रयोग ज्या मोजक्या ठिकाणी सुरू झाले, त्यांत मनमाड होते. कोल्हारचा रस्ता तेथेच जातो.